यंत्राने लिहिलेल्या क्लासना सामाईक कोड कसा द्यावा

श्रोतेहो, नमस्कार.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत जावा भाषेत काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी दुसऱ्या संस्थेने दिलेल्या एक्सएमएल स्कीमावरून क्लास तयार करून घ्यावे लागतात. एक्सएमएल म्हणजे माहितीच्या प्रत्येक घटकाला नावाची खूण लावून संदेश लिहिण्याची पद्धत, आणि क्लास म्हणजे एका प्रकारची माहिती व तिच्यावरची कामे एकत्र ठेवणारा कोडचा घटक. स्कीमा म्हणजे संदेशाचा नमुना. कोणता घटक कुठे यावा, तो किती वेळा यावा आणि त्यात अंक असावेत की अक्षरे, हे त्यात नेमके लिहिलेले असते. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ साली स्कीमाची ही भाषा प्रमाणित केली. त्या नमुन्यावरून जावाचे क्लास लिहून देणारे एक्सजेसी हे साधन, जावा आणि एक्सएमएल यांची सांगड घालणाऱ्या जॅक्सबी या व्यवस्थेचा भाग आहे. हाताने लिहायला महिना लागेल एवढा कोड ते काही सेकंदांत लिहून देते. अडचण त्यानंतर सुरू होते, आणि आजचे भाषण त्या अडचणीविषयी आहे.

उदाहरण पत्त्याचे घेऊ. बँकांच्या संदेशांसाठी आयएसओ २००२२ नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि आपल्या रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस व्यवस्था २०१३ पासून त्यावर चालते. या प्रमाणात ग्राहकाने बँकेला पाठवायचा ‘पेन ००१’ हा संदेश वेगळा आणि एका बँकेने दुसरीला पाठवायचा ‘पॅक्स ००८’ हा संदेश वेगळा. प्रत्येकाचा स्कीमा स्वयंपूर्ण असतो आणि प्रत्येकाचा नेमस्पेस, म्हणजे त्यातली नावे कोणत्या कुळातली हे सांगणारी ओळख, निराळा असतो. दोघांच्याही बऱ्याच काळ वापरात असलेल्या आवृत्त्यांत ‘पोस्टल ॲड्रेस सिक्स’ हा प्रकार शब्दशः सारखा आहे. पण एक्सजेसी प्रत्येक नेमस्पेससाठी वेगळे पॅकेज, म्हणजे क्लासचा वेगळा गट करते, त्यामुळे एकाच नावाचे दोन क्लास जन्माला येतात. वाचणाऱ्याला ते एकच वाटतात, कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या कंपायलरच्या दृष्टीने मात्र त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो.

आता पाकिटावर छापण्यासाठी पत्त्याची ओळ तयार करणारी मेथड, म्हणजे क्लासमधला एक काम करणारा कोडचा तुकडा, लिहायची आहे असे समजा. सदाशिव पेठेतल्या जुन्या घराच्या पत्त्यात घरक्रमांक असतो, पेठ असते, ४११०३० हा पिन कोड असतो, पण रस्त्याचे नाव अनेकदा नसतेच. म्हणजे रस्त्याचा घटक रिकामा राहणार, हे धरून ती मेथड लिहावी लागते. ती दोन्ही क्लाससाठी दोनदा लिहिली, की सहा महिन्यांनी एकीत दुरुस्ती होते आणि दुसरी तशीच राहते.

मी स्वतः या कामात नवा असताना एक मोठी चूक केली होती. तयार झालेल्या क्लासची फाईल उघडून तिच्यात मी माझी मेथड हाताने टाकली. पुढे स्कीमाची नवी आवृत्ती आली, सहकाऱ्याने एक्सजेसी पुन्हा चालवले आणि माझा कोड नाहीसा झाला. फाईलच्या माथ्यावर तसा इशारा छापलेला होता, तो मी वाचूनही मनावर घेतला नव्हता. त्या दिवसापासून मी एक गोष्ट प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत आलो आहे: यंत्राने लिहिलेल्या फाईलला हात लावायचा नाही, आणि ती फाईल आपल्या कोडच्या भांडारातही ठेवायची नाही; प्रत्येक बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधताना, ती नव्याने तयार होऊ द्यायची.

मग सामाईक कोड ठेवायचा कुठे? स्कीमा कोणाचा आहे, यावर ते ठरते.

स्कीमा आपलाच असेल, तर सामाईकपणा स्कीमातच मांडावा. पत्त्याचा प्रकार एका वेगळ्या स्कीमात, त्याच्या स्वतःच्या नेमस्पेससह लिहावा आणि बाकीच्यांनी तो इम्पोर्ट करावा, म्हणजे दुसऱ्या नेमस्पेसमधला म्हणूनच वापरावा. इथे पुष्कळ जण इम्पोर्टऐवजी इन्क्लूड वापरतात, म्हणजे तो आपल्याच नेमस्पेसमध्ये सामावून घेतात, आणि सामाईक स्कीमाला नेमस्पेसच देत नाहीत. असा स्कीमा ज्याच्यात जाईल त्याचा नेमस्पेस धारण करतो, आणि एकाच प्रकाराचे पुन्हा अनेक क्लास होतात. नुसत्या इम्पोर्टनेही काम पूर्ण होत नाही. सामाईक स्कीमावर एक्सजेसी चालवताना एपिसोड फाईल तयार करून घ्यावी लागते. कोणत्या प्रकारासाठी कोणता क्लास आधीच तयार आहे, याची ती नोंदवही असते. ती पुढच्या स्कीमांच्या वेळी दिली, की एक्सजेसी ते क्लास पुन्हा लिहीत नाही, असलेलेच वापरते.

सुपरक्लास, म्हणजे ज्याचा कोड खालच्या क्लासना आपोआप मिळतो असा वरचा क्लास, देण्याची सोयही एक्सजेसीमध्ये आहे. पण ती सरसकट लागू होते: पत्ता असो वा रक्कम, ज्याला स्कीमातच वरचा प्रकार नाही असा प्रत्येक क्लास त्या एकाच सुपरक्लासखाली येतो. क्रमांक, नोंदी ठेवणे अशा खरोखर सर्वांना लागणाऱ्या गोष्टींपुरतीच ती मला योग्य वाटते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर काम करणाऱ्यांना २००५ पासून पार्शल क्लास, म्हणजे एकच क्लास अनेक फाईलींत विभागून लिहिण्याची सोय, मिळाले असल्याने त्यांचे दुःख बरेच हलके आहे. जावात ती सोय नाही.

स्कीमा परक्याचा असेल, जसा बँकांचा, तर त्यात अक्षरही बदलता येत नाही. इथे मला सर्वांत भरवशाचा वाटलेला मार्ग इंटरफेसचा आहे. क्लासमध्ये कोणत्या मेथड असल्याच पाहिजेत, याची यादी म्हणजे इंटरफेस. पिन कोड, गाव, घरक्रमांक आणि रस्ता परत देणाऱ्या ज्या मेथड एक्सजेसी लिहिते, नेमक्या त्याच नावांच्या मेथड आपल्या इंटरफेसमध्ये घोषित कराव्यात. २०१४ साली आलेल्या जावा ८ पासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड, म्हणजे नुसत्या नावाऐवजी कोडसह मेथड, लिहिता येतात, म्हणून पत्त्याची ओळ तयार करणारा कोडही तिथेच, एकदाच लिहावा. मग एक्सजेसीला सूचना देणाऱ्या वेगळ्या बाइंडिंग फाईलमध्ये, इन्हेरिटन्स प्लगिन या जोडसाधनाच्या साहाय्याने, दोन्ही पॅकेजांतल्या पत्त्याच्या क्लासने हा इंटरफेस स्वीकारावा असे सांगावे. एक्सजेसीचे क्लास सहसा थेट फील्डवरून, म्हणजे क्लासमधल्या माहितीच्या कप्प्यांवरून, एक्सएमएल लिहितात, त्यामुळे आपल्या जादा मेथड संदेशात उतरत नाहीत. ही बाब मी मुद्दाम सांगतो, कारण सुपरक्लासमध्ये फील्ड ठेवणाऱ्यांच्या संदेशात नको तो घटक घुसलेला मी पाहिला आहे.

या मार्गाची खरी परीक्षा आवृत्ती बदलते तेव्हा होते. ‘पेन ००१’च्या नवव्या आवृत्तीत ‘पोस्टल ॲड्रेस सिक्स’च्या जागी ‘पोस्टल ॲड्रेस ट्वेंटीफोर’ हा प्रकार आला आणि मजला, खोली, जिल्हा असे नवे घटक त्यात मिळाले; पण पिन कोड, गाव, घरक्रमांक आणि रस्ता यांची नावे तीच राहिली. त्यामुळे बाइंडिंग फाईलमध्ये प्रकाराचे नाव बदलले, एक्सजेसी पुन्हा चालवले, आणि सदाशिव पेठेचा पत्ता नव्या क्लासमधूनही पूर्वीसारखाच छापला गेला. इंटरफेसच्या फाईलमधली एकही ओळ बदलावी लागली नाही.