भैय्या चौकातून बाहेरगावी

मंडळी, आपल्या सोलापूरच्या भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आता तिथे स्मारक आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चार भारतीय डॉक्टरांबरोबर चीनला गेले. तिथल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता तिथली भाषा शिकले, तिथलीच परिचारिका त्यांची पत्नी झाली. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, वय अवघं ३२. पुढे २००६ साली चीनचे अध्यक्ष हू जिंताव मुंबईत आले, तेव्हा त्यांनी आवर्जून कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतली.

परक्या देशातल्या सरकारशी नव्हे, तिथल्या माणसांशी नातं जोडायचं, याला लोकराजनय म्हणतात. कोटणीसांनी ते हातांनी केलं. आजचा परदेशस्थ माणूस मोबाइलवर करतो, आणि म्हणून मला त्याची फार काळजी वाटते.

माझी भाची जर्मनीत असते. दर संक्रांतीला ती आपल्या गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे व्हिडिओ टाकते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, खांद्यावर डोलणारे नंदीध्वज, अक्षता सोहळा. खाली जर्मनमध्ये लिहिते, की ही सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाची आठवण. तिचे शेजारी विचारतात, ऑफिसातले लोक विचारतात. कुठल्याही दूतावासाच्या पत्रकाला असे प्रश्न येत नाहीत, कारण पत्रक ओळखीचं नसतं. ही मुलगी त्यांच्या रोजच्या ट्राममधली आहे.

पण हा मोबाइलवरचा चव्हाटा आपल्या मालकीचा नाही, हेही ध्यानात घ्या. मे २०१५ मध्ये चीन दौऱ्याच्या आधी पंतप्रधान मोदींनी वेइबो या चिनी समाजमाध्यमावर खातं उघडलं होतं. गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर २९ जून २०२० ला भारताने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात वीचॅट हे संदेश-संभाषणाचं ॲपही गेलं. पाठोपाठ वेइबोवरचं ते खातंही बंद झालं. बंदी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. चीनमध्ये व्हॉट्सॲप, फेसबुक चालत नाही. तिथल्या आपल्या माणसांचं घरच्यांशी बोलणं मुख्यतः वीचॅटवर व्हायचं. दोन सरकारांचं बिनसलं आणि आईचा आवाज ऐकायला वेगळी वाट शोधावी लागली.

दुसरा घाव आपणच घालतो. गेल्या वर्षी कुठल्या तरी दुसऱ्याच गावातल्या दंगलीचा जुना व्हिडिओ ‘सोलापुरात आज’ म्हणून फिरला. आमच्या घरच्याच ग्रुपमधून तो जर्मनीतल्या भारतीयांच्या ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी भाचीला सहकाऱ्याने विचारलं, "तुझं गाव हेच ना?" तिने ट्राममधूनच मला फोन केला, "मामा, खरं आहे का हो?" मी तसाच चपला घालून सिद्धेश्वर तळ्याकाठी गेलो. हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरलं, मागे मंदिर, पायरीवर शेंगा खात बसलेली पोरं, असा फोटो काढून पाठवला. तिने तो जर्मन मजकुरासह टाकला. सहकाऱ्याला पटलं. तो व्हिडिओ मात्र अजून ग्रुपांवर फिरतोय. परवा मला पुन्हा आला, आपल्याच पेठेतल्या एका माणसाकडून.