डिझेलमधलं पाणी

नमस्कार श्रोतेहो. आपल्या सांगली जिल्ह्याचं आणि पाण्याचं कधी नीट जमलंच नाही. दुष्काळी जत तालुक्यानं टँकरच्या वाटेकडं डोळे लावले आणि २०१९ला कृष्णाकाठच्या घराघरात पाणी शिरलं. जुन्या डिझेल पिकअपचंही तेच. पाहिजे तिथलं पाणी आटतं, नको तिथं जाऊन बसतं. म्हणून आज एकच सांगायला आलोय: गाडी टिकवायची असेल तर पाण्यावर नजर ठेवा.

आमची पिकअप दारात आली तेव्हाच आठ वर्षांची होती. फेब्रुवारीचा महिना, द्राक्षाचा हंगाम. तासगावहून माल भरून रात्री वाशी मार्केटला निघायचं होतं. मी चालवणार, शेजारी मामा. ट्रॅक्टरसाठी शेडमध्ये डिझेलचं बॅरल असतंय, ते तळाला आलं होतं. मामा म्हणाले, "वाया कशाला घालवायचं?" मग आम्ही दोघांनी बॅरल वाकडं करून शेवटचा थेंबसुद्धा कॅनमध्ये उतरवला आणि टाकीत ओतला. बॅरल वाकडं केलं, हे ध्यानात ठेवा.

वाटेत एका पंपावर उरलेली टाकी भरून घेतली. कराड मागं पडलं आणि उंब्रजच्या अलीकडं गाडी गचके खायला लागली. पाय दाबला तरी ओढ नाही. शेवटी एका चहाच्या टपरीपाशी बंदच पडली. रात्रीचा एक वाजलेला. मामांनी तिथूनच त्या पंपावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

टपरीवाल्यानं मागच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना उठवलं. म्हातारा माणूस, अंगावर शाल. बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "वाईच एक ग्लास आना."

आम्हाला वाटलं, चहा पाहिजे. काचेचा ग्लास आणून दिला. (तेव्हा टपरीवर काचेचे ग्लास असायचे. आता कागदी कपात चहा देतात, त्याला ना वास ना चटका. असो.) मिस्त्रींनी डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला केला आणि ग्लास खाली धरला. भरलेला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला आणि बिडी पेटवली. आम्ही तिघं बघत उभे. हळूहळू ग्लासात रेघ उमटली. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी. आणि पाण्याच्या तळाला तपकिरी पूड.

"बघा! पंपावाल्यानं पाणी घातलंय!" मामा ओरडले.

मिस्त्री म्हणाले, "पाहुणं, ह्यो गंज हाय. बॅरलमधलं घातलंय न्हवं?"

मामा चहा प्यायला लागले.

पावसाळ्यात बॅरलचं बूच सैल राहिलं होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं. पुन्हा सांगतो, पाणी खाली, डिझेल वर. वर्षभर आम्ही वरचं वापरलं आणि तळातलं नेमकं पिकअपला पाजलं. मिस्त्रींनी टाकीच्या बुडाचा बोल्ट काढून स्वच्छ डिझेल येईपर्यंत खालचं सोडून दिलं, फिल्टर बदलला, मग डिझेलच्या लाइनवरचा छोटा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबून लाइनमधली हवा काढली. गाडी सुरू झाली. टपरीवाल्यानं ग्लासाचे दहा रुपये वेगळे घेतले, कारण त्याचा वास काही जाणार नव्हता. वाशीला पोचलो तेव्हा सौदे उरकत आले होते. त्या दिवशीचा दर मी सांगत नाही.

तर, फिल्टरखालचा स्क्रू अधूनमधून ढिला करून पाणी सोडा. नवीन गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्डवर दिवा असतो, तो लागला की पुढच्या गावापर्यंत ढकलत नेऊ नका. पाणी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत गेलं की खर्च फार मोठा.

वेळ कमी आहे, बाकीचं भराभर सांगतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. घरातल्या पाण्याच्या हंड्याला पांढरा थर धरतो तसाच आतही धरतो. इंजिन गार ठेवायचं द्रव, म्हणजे कूलंटच घाला, आणि झाकण इंजिन गार असतानाच उघडा. गार असतानाच! ऑइलची पट्टी काढून बघत जा. डिझेल गाडीचं ऑइल काळं होतंच, त्याला घाबरू नका. पण दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, गाडी तिथंच थांबवा. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, असेल तर घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा. आणि जुनी गाडी घेताना सीट सरकायच्या पट्ट्यांखाली, डॅशबोर्डच्या आत बोट फिरवा. बोटाला वाळलेला गाळ लागला तर ती गाडी पुरातली. रंग कितीही चकाचक असू दे. लोक दहा हजारांचे स्पीकर बसवतात आणि एअर फिल्टर झटकूनच चालवतात, ते वेगळंच.

आमची पिकअप अजून चालू आहे. बॅरल मात्र भंगारात घातलं. आणि मामा? ते अजूनही लग्नाकार्यात सांगतात, त्या पंपावाल्यानं आम्हाला कसं फसवलं ते. नमस्कार.