फ्रँचायझी घेताय? रील नका पाहू, दूध किती लागते ते विचारा

राम राम मंडळी. वावरातून सरळ येऊन बसलो, मागून फवारणीच्या पंपाचा आवाज येऊन राहिला असेल तर सांभाळून घ्या. हा व्हिडिओ मला करायचाच होता, पण आता महिन्याभरापासून एकच मेसेज येऊन राहिला, दिग्रसहून, घाटंजीहून, पांढरकवड्याहून, वरुडच्या एका संत्रावाल्या भाऊंचा पण आला. कोणत्या तरी फ्रँचायझीची, म्हणजे कंपनीला पैसे भरून तिच्या नावानं दुकान चालवायच्या धंद्याची, रील पाठवतात अन् खाली लिहितात, "दादा, हे घेऊ का?"

रील बहुतेक सारखीच असते. नवीन दुकान, झेंडूचं तोरण, रिबिन कापून राहिले, बाहेर रांग, अन् मालक ब्लेझर घालून सांगतो की नोकरी सोडली अन् आता महिन्याचे इतके लाख. चहा म्हणा, बर्गर म्हणा, लहान पोरांची शाळा म्हणा, रील तीच.

आधी सोपं सोपं उरकून टाकतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. कंपनीचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाका, नोंदणी कोणत्या तारखेची आहे ते दिसते. "दहा वर्षांचा ब्रँड" म्हणणाऱ्याची नोंदणी मागच्या वर्षीची निघाली तर विचारा काऊन. ट्रेडमार्क, म्हणजे ब्रँडच्या नावाची नोंदणी, पण ऑनलाइन फुकटात पाहता येते. नावापुढं टीएम कोणीही लावू शकते, गोलातला आर फक्त नोंदणी झालेल्यालाच लावता येतो. मोठ्या ब्रँडच्या नावानं फोन आला तर त्यांच्या खऱ्या वेबसाइटवरून उलट फोन करा, कारण अमूलसारख्या अमूलच्या नावानं बनावट साइट काढून लोकांकडून डीलरशिपचे पैसे उकळले गेले अन् 2020 मध्ये अमूलला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन. अन् फ्रँचायझी फीवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, 2 लाख सांगितले की 2 लाख 36 हजार धरा. झालं.

आता मुद्द्याचं.

मी स्वतः चहाची फ्रँचायझी घेतली होती, तालुक्याच्या गावात, बसस्टँडजवळ. कंपनीचं नाव सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू पण नका. 5 लाखाचं लोन केलं. उद्घाटनाला पाव्हणेरावळे, मित्र, वर्गातले, सगळे आले, चहा त्या दिवशी फुकट होता. कंपनीच्या पोरांनी त्याच गर्दीची रील केली अन् मी पण ती माझ्या पेजवर टाकली, "स्वप्न पूर्ण" असं लिहून. 41 हजार लोकांनी पाहिली. अकराव्या महिन्यात मी दुकान बंद केलं.

पण मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. बंद करायच्या आधी मला पुसदकडच्या एका पोराचा फोन आला, म्हणे "दादा, तुमची रील पाहूनच मी पैसे भरले, तुमचं मस्त चाललं आहे ना?" अन् मी म्हटलं, "हाव, मस्त चालू आहे." त्या वेळी मी घरून पैसे आणून भाडं भरून राहिलो होतो. काऊन म्हटलं असं? कारण गावात माझी इमेज झाली होती ना. लोकं शेठ म्हणायला लागले होते, लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवायचे, बँकेतला साहेब ओळखायचा. अन् ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं होतं की आठवड्याला 3 रील टाकायच्या अन् कंपनीबद्दल वाईट बोलायचं नाही. तोट्यात आहे हे तोंडातून निघालंच नाही. त्या पोराचं दुकान पण गेलं. तो माझ्याशी बोलते, पण आधीसारखं नाही.

म्हणून सांगतो, चालू दुकानदाराला "कसं चाललं आहे" असं कधीच विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे. त्याला विचारा, "भाऊ, रोज दूध किती लिटर लागते?"

हे नीट समजून घ्या. माझ्याकडे एका लिटरात बारा-पंधरा कप निघायचे. आता खर्च धरा: भाडं 8 हजार, दोन पोरं 9-9 हजारानं, लाईट 3 हजार, हे झाले 29 हजार, अन् 5 लाखाचा 12 टक्क्यानं 5 वर्षांचा हप्ता 11 हजार 100 च्या जवळपास. म्हणजे महिन्याला 40 हजार. 10 रुपयाच्या कपात दूध, पत्ती, साखर, गॅस, कप जाऊन 5 रुपये उरले असं धरलं तरी रोज 267 कप विकले तर हिशोब बरोबरीत येते. त्यात रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला कंपनीचा वाटा, नाही अन् तुमची स्वतःची मजुरी पण नाही. 267 कप म्हणजे रोज वीस लिटरच्या आसपास दूध. समोरचा "बंपर चालू आहे" म्हणून राहिला अन् दूध सहा लिटर सांगते, तर सत्तर-ऐंशी कप झाले. तो खोटारडा आहे असं नाही, त्याला लाज वाटून राहिली. मलाही वाटायची.

तो सांगतच नसेल तर दूधवाल्याला विचारा. दूधवाल्याला कोणती इमेज सांभाळायची नसते. "त्या नव्या चहावाल्याकडे किती टाकता काका?" म्हटलं की तो सांगून टाकतो, अन् आधी किती टाकायचा ते पण सांगतो. माझं 18 लिटरवरून 7 वर आलं होतं, हे माझ्या बायकोच्या आधी दूधवाल्याला माहीत होतं.

अन् कोणालाच विचारायचं नसेल तर रात्री दुकान बंद होताना जा अन् दुधाच्या रिकाम्या पिशव्या मोजा. बाजाराचा दिवस सोडून जा, एखाद्या मंगळवारी जा. सोयाबीनचा पैसा आला की दिवाळीच्या टायमाला सगळीच दुकानं चालतात, मे महिन्यात पारा 45 ला टेकला की दुपारभर रस्त्यावर माणूस दिसत नाही. कंपनीच्या एक्सेलमध्ये बाराही महिने सारखे कप लिहिलेले असतात, ते शहरात बसून केलेलं असते, त्यांना आपला उन्हाळा कुठून माहीत.

मागच्या व्हिडिओवर एका ताईनं विचारलं की मला चहा नाही, बालवाडीची फ्रँचायझी घ्यायची आहे, मग दूध कुठून मोजू? ताई, शाळा सुटताना गेटवर उभ्या राहा अन् पोरं मोजा. बर्गरवाला असेल तर बेकरीवाल्याला विचारा, पाव किती जातात. प्रत्येक धंद्यात असं एक काहीतरी असतेच जे रोज येते अन् रोज संपते.

अन् बंद पडलेली दुकानं शोधा, हे कोणीच करत नाही. कंपनीचं इन्स्टाग्राम पेज उघडा अन् खाली जा, खाली जा, दोन वर्षं मागं जा. तिथल्या उद्घाटनाच्या रील पाहा, गावांची नावं वहीत लिहा अन् आज गुगल मॅपवर ते दुकान शोधा. "कायमचे बंद" दिसलं की त्या माणसाला गाठा, तो खरं बोलेल, त्याच्याकडे लपवायला काही राहिलं नसते. अमेरिकेत हे कंपनीलाच द्यावं लागते, सही किंवा पैसे घ्यायच्या किमान 14 दिवस आधी 23 मुद्द्यांचा कागद द्यायचा, त्यात सोडून गेलेल्या दुकानदारांची यादी पण असते. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही, 1872 च्या करार कायद्यावर अन् 500 च्या स्टॅम्पवर काम चालून राहिलं. म्हणून ती यादी आपण करायची.

एकानं कमेंट केली, "दादा, तुमचं बुडालं म्हणून दुसऱ्याचं पाहवत नाही." भाऊ, चांगल्या फ्रँचायझी आहेत, मी घेऊ नका म्हणूनच नाही राहिलो. पण पैसे घेऊन रील करणाऱ्यानं "जाहिरात" असं स्पष्ट लिहिलंच पाहिजे, 2021 पासून एएससीआय या जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या संस्थेचे नियम आहेत अन् 2023 च्या जानेवारीत सरकारनं पण सांगितलं, दिशाभूल केली तर दंड 10 लाखापर्यंत आहे. मला रीलचे पैसे मिळाले नव्हते, पण मी लिहायला पाहिजे होतं की आज चहा फुकट आहे.

ती रील मी काढून टाकलेली नाही. खाली पहिल्या कमेंटमध्ये अकरा महिन्यांचा सगळा हिशोब टाकून पिन केला आहे, दुधाच्या लिटरसकट. ब्लेझरवाला फोटो पण बदलला, आता दुकानाच्या बंद शटरसमोरचा आहे. वाटलं होतं कोणी काम देणार नाही, पण त्यानंतरच दोन दुकानदारांनी हिशोब पाहायला बोलावलं.

अन् कालच्या मेसेजवाल्या दिग्रसच्या भावाला सांगतो, तुला शनिवारी टोकन द्यायचं आहे ना, नको देऊ. मंगळवारी रात्री नऊ वाजता त्या दुकानासमोर ये, मी पण येतो, पिशव्या मिळून मोजू.