झिरकोनियमच्या पोटात लपलेलं हाफनियम

झिरकॉन हे एक स्फटिकरूप खनिज. १७८९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोथ यांना याच खनिजात झिरकोनियम सापडलं. पुढची १३४ वर्षं रसायनशास्त्रज्ञ झिरकोनियमची संयुगं तपासत राहिले, त्याचा अणुभार मोजत राहिले. त्यांच्या नमुन्यांत आणखी एक मूलद्रव्य होतं, याचा कुणाला पत्ताच नव्हता.

आवर्तसारणीच्या चौथ्या गणात टायटॅनियम, त्याखाली झिरकोनियम, त्याखाली हाफनियम. गणात खाली उतरलं की इलेक्ट्रॉनांचं एक कवच वाढतं आणि अणू मोठा होतो, हे आपण शाळेत शिकतो. टायटॅनियमच्या चार धनप्रभार असलेल्या आयनाची त्रिज्या सुमारे ६० पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग), झिरकोनियमच्या ७२. मग हाफनियमच्या?

७१! कवच वाढलं, आकार उलट किंचित घटला. संपूर्ण सारणीत मला सर्वांत आवडणारी जागा हीच.

याचं मूळ आहे सारणीत हाफनियमच्या लगेच आधी येणाऱ्या चौदा घरांत, सिरियमपासून ल्युटेशियमपर्यंत. प्रत्येक घरात केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, आणि एफ कक्षकं, म्हणजे आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांच्या जागा, भरत जातात. पण एफ कक्षकांतले इलेक्ट्रॉन बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना केंद्रकापासून नीट आडोसा देत नाहीत. केंद्रकाची ओढ वाढत जाते, अणू आवळत जातो. लँथनमचा तीन धनप्रभारांचा आयन १०३ पिकोमीटरचा, ल्युटेशियमचा ८६. हे लँथनाइड आकुंचन. वाढलेल्या कवचानं आलेली वाढ ते पुसून टाकतं.

प्रभार तोच, आकार तोच, म्हणून ऑक्सिजनशी होणारे बंधही जवळपास तेवढ्याच लांबीचे. स्फटिकात झिरकोनियमच्या जागी हाफनियम अलगद बसतं. विद्रावातून अवक्षेप काढला, तर दोन्ही सोबतच खाली येतात.

१९२३, कोपनहेगन. तोवर न सापडलेलं बहात्तरावं मूलद्रव्य झिरकोनियमसारखं असणार, हा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचा तर्क. डर्क कॉस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी झिरकॉनचा क्ष-किरण वर्णपट घेतला. वर्णपटातल्या रेषांची जागा ठरते ती केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या संख्येवरून. तिथे बंधांचं साम्य आड येत नाही. बहात्तरच्या रेषा दिसल्या. शहराच्या लॅटिन नावावरून, हाफनियावरून, नाव पडलं हाफनियम.

अणुभट्टीत मात्र ही जोडी अगदी विरुद्ध वागते. झिरकोनियम न्यूट्रॉनांना सहज जाऊ देतं, हाफनियम त्यांना पाचशेपटींहून जास्त शोषतं. म्हणून इंधनाच्या नळ्या करण्याआधी झिरकोनियममधून हाफनियम मोठ्या कष्टानं वेगळं काढतात. काही अणुभट्ट्यांत तेच हाफनियम नियंत्रक सळ्यांत वापरतात, न्यूट्रॉन शोषण्यासाठीच.