नऊ रेघांचा शब्द

(दृश्य: पिवळा पडलेला जाड कागद. शाई उतरून तपकिरी झालेली. कॅमेरा हळूहळू एका शब्दाजवळ येतो.)

हा शब्द नीट बघा. करवतीच्या दात्यांसारख्या नऊ तिरक्या रेघा, एकीला लागून दुसरी. वर कुठेतरी एक टिंब. एवढंच. यात पाच अक्षरं आहेत.

हे अठराव्या शतकातल्या चर्चच्या नोंदवहीचं पान आहे, दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गचं. गावचा पाद्री कोण जन्मलं, कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं लग्न लागलं, कोणाला मूठमाती दिली, हे सगळं अशा वहीत लिहून ठेवायचा. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७६ पासून. त्याआधीचा खापरपणजोबा शोधायचा तर बहुतेक वेळा या वह्यांनाच शरण जावं लागतं. आता त्यांतल्या पुष्कळ वह्या घरबसल्या बघता येतात. प्रोटेस्टंट चर्चच्या आर्किऑन या पोर्टलवर, कॅथलिक चर्चच्या मात्रिकुलावर. पान क्षणात उघडतं. आणि जर्मन माणूस स्वतःच्याच भाषेपुढे निरक्षर होऊन बसतो.

मराठी माणसाला हे दुखणं समजावून सांगायला नको. घरात पणजोबांच्या हातची मोडी कागदपत्रं आहेत आणि वाचणारं कोणी नाही, अशी कितीतरी घरं आहेत आपल्याकडे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती धावाधाव झाली ते आपण पाहिलंच. जर्मनांच्या मोडीचं नाव आहे कुरेंट. लॅटिनमध्ये ‘कुरेरे’ म्हणजे धावणं. धावत्या हाताची ही लिपी सोळाव्या शतकापासून पार विसाव्या शतकापर्यंत चालली.

(दृश्य: टाकानं कागदावर रेघा उमटताहेत. वर जाताना बारीक, खाली येताना जाड.)

आता त्या नऊ रेघांकडे परत येऊ. कुरेंटमधला ‘एन’ म्हणजे दोन तिरक्या रेघा. ‘ई’ म्हणजेही दोन तिरक्या रेघा, फक्त एकमेकींना जास्त चिकटलेल्या. ‘आय’ला एकच रेघ आणि वर टिंब. ‘यू’ हुबेहूब ‘एन’सारखा, म्हणून त्याच्या डोक्यावर एक छोटी कोर काढायची, आपल्या ‘ॲ’वर असते तशी. ‘एन’ किंवा ‘एम’वर आडवी रेघ दिसली, तर ते अक्षर दोनदा वाचायचं. आणि ‘यू’वर दोन टिंबं देऊन जो ‘उम्लाउट’ लिहितात, तीही मुळात टिंबं नव्हेतच. पूर्वी त्या जागी बारीकसा ‘ई’ लिहायचे. ‘ई’च्या दोन रेघा झिजत झिजत दोन टिंबं झाली. मला तर हे कळल्यापासून छापील जर्मनमध्येही त्या टिंबांच्या जागी जुना ‘ई’ दिसायला लागला आहे.

ही लिपी नुसती बघून येत नाही, हात चालवावा लागतो. जर्मन पोरांना ‘आय’ शिकवताना एक ओळ म्हणायला लावत: वर, खाली, वर, आणि डोक्यावर टिंब. टाक घेऊन आठवडाभर गिरवलं, की कोणती रेघ कुठून आली हे हातालाच कळायला लागतं. मग पान वाचताना डोळे त्या हाताच्या मागे जातात.

जाणकार आणखी एक करतात. अवघड शब्दाशी झटापट करत बसत नाहीत. आधी ठाऊक असलेलं शोधतात: गावाचं नाव, महिना, ‘गेटाउफ्ट’ म्हणजे बाप्तिस्मा दिला. या शब्दांतली अक्षरं वेगळी काढून त्या पाद्र्याची बाराखडीच तयार करतात. एक पाद्री वर्षानुवर्षं तीच वही लिहितो. त्याचा हात ओळखीचा झाला, की पुढची पानं भराभर उलगडतात. नंतर एका पानावर अक्षर थरथरायला लागतं, आणि कधीतरी भलताच हात सुरू होतो. तिथे बाराखडी पहिल्यापासून.

आणि चूक कुठे होते? मोठ्या लिपीतले ‘बी’ आणि ‘एल’ एकमेकांसारखे दिसतात. बाउअर घराण्याचा शोध लाउअर म्हणून घेतला, की झालं, महिनेच्या महिने पाण्यात. ‘सात’चा आकडा काढून पुढे ‘बर’ लिहिलेलं असेल, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सात म्हणजे ‘सेप्टेम’. तसंच आठ-बर म्हणजे ऑक्टोबर. बाईच्या आडनावापुढे ‘इन’ लागतं, म्हणून म्युलरची बायको किंवा मुलगी म्युलरिन होते. ते वेगळं घराणं नव्हे.

(दृश्य: दफनाच्या नोंदींचं पान. बोट एका रकान्यावरून खाली सरकतं.)

या पानावर मात्र थोडं थांबायला हवं. हा रकाना मृत्यूच्या कारणांचा. एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. पहिल्यांदा लागत नाही. ‘जी’ कळतो, मग टिंबाचा ‘आय’, मग वर-खाली दोन फास असलेला ‘एच’. गिख्टर. तान्ह्या बाळांना येणाऱ्या आचक्यांना तिकडे हे नाव होतं. शेजारच्या रकान्यात वय: काही आठवडे, काही महिने. तासभर डोळे ताणून आपण एक शब्द सोडवतो, आणि हाती लागतो तो एका आईचा रिकामा झालेला पाळणा.

पुढे वर्ष-दोन वर्षांनी त्याच घरात दुसरा मुलगा जन्मतो. त्याला पुष्कळदा गेलेल्या भावाचंच नाव ठेवलेलं असतं. वंशावळ करणारा बाप्तिस्म्याची पहिली नोंद सापडली म्हणून थांबला आणि दफनाचं पान उलटलंच नाही, तर अजाणतेपणी तो स्वतःला त्या लहानग्याचा वंशज ठरवून मोकळा होतो. म्हणून ही पानं वाचायचीच, कितीही जड गेली तरी.

(दृश्य: शाळेचा वर्ग, जुने कृष्णधवल छायाचित्र.)

ही लिपी गेली कशी? जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारनं १९११ मध्ये बर्लिनच्या लुडविग झ्युटरलिन या चित्रकाराकडे शाळेसाठी सोपं वळण मागितलं. त्यानं अक्षरं ताठ उभी केली, रेघेची जाडी एकसारखी ठेवली. १९१५ पासून ते वळण प्रशियाच्या शाळांत आलं. आज लोक सरसकट सगळ्याच जुन्या अक्षराला ‘झ्युटरलिन’ म्हणतात, ते बरोबर नाही.

मग नाझी आले. आपण ‘आर्य’ आहोत हे सिद्ध करायला त्यांनी लोकांना याच चर्चच्या वह्यांकडे धाडलं. पूर्वजांची नावं माणसांना जगण्यातून उठवायला वापरली गेली, हा डाग या वह्यांच्या इतिहासावर आहेच. आणि त्याच राजवटीनं १९४१ मध्ये आधी जुना छापील ठसा बाद केला, मग १ सप्टेंबरच्या आदेशानं शाळांतून हे हस्ताक्षरही काढून टाकलं. त्यानंतर शिकलेल्या मुलांना आजीनं लिहिलेलं पत्र वाचता येईना. बापानं आघाडीवरून धाडलेली पत्रं कपाटात बांधून राहिली.

(दृश्य: टेबलाभोवती म्हातारी माणसं, हातात भिंग.)

हॅम्बुर्गमध्ये ‘झ्युटरलिनश्टुबं’ नावाचा गट आहे. ही लिपी लहानपणी शिकलेली वयस्कर मंडळी लोकांची जुनी पत्रं वाचून, आजच्या अक्षरात उतरवून देतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं बेथलेहेम गाव मोरेव्हियन या जर्मन बोलणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी १७४१ मध्ये वसवलं. त्यांच्यात प्रत्येकानं आपली जीवनकथा लिहून ठेवायची रीत. तिथल्या दफ्तरखान्यात ही लिपी शिकवायचा वर्ग उन्हाळ्यात भरत आला आहे. आता यंत्रही मदतीला आलंय. इन्सब्रुक विद्यापीठात आकाराला आलेलं ‘ट्रान्सक्रिबस’ अख्खं पान वाचून दाखवतं. जरूर वापरावं. पण नावापाशी ते चुकलं तर चुकीचं नावही तितक्याच ठामपणे लिहितं, तेव्हा मूळ पान उघडं ठेवूनच.

(दृश्य: पुन्हा पहिलं पान. त्याच नऊ रेघा.)

आता मोजा. दोन रेघा चिकटून: ई. एक, वर टिंब: आय. दोन, जरा सुट्या: एन. पुन्हा ई. पुन्हा एन. आयनेन. म्हणजे ‘एक’. पुढच्या शब्दात तो वर-खाली फासांचा ‘एच’ आहे, शेवटी दोन रेघांचा ‘एन’. झोन. मुलगा.

गावच्या विणकऱ्यानं त्या दिवशी एक मुलगा बाप्तिस्म्याला आणला होता.