किल्ली फिरवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

वडिलांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती १७ वर्षं एकाच जागी उभी होती. चारही टायर बसलेले, काचेवर धूळ इतकी की आतलं स्टिअरिंग दिसत नव्हतं. किल्ली मात्र कपाटात राहिल्यामुळे चकचकीत होती. ती हातात घेतल्यावर मनात एकच आलं, नवी बॅटरी जोडायची आणि सेल्फ मारून बघायचा. ज्यांना ज्यांना गाडीबद्दल सांगितलं त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला, ‘चालू होते का?’

तुमच्याकडेही अशी एखादी गाडी आली असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, ती उभी का राहिली? चांगली चालणारी गाडी सहसा कोणी १७ वर्षं उभी करत नाही. काहीतरी बिघडतं, ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ती बाजूला लागते, आणि तो महिना येतच नाही.

मला उत्तर डॅशबोर्डच्या कप्प्यात मिळालं. तिथे वडिलांची छोटी वही होती. ऑइल कधी बदललं, प्लग कधी साफ केले, किती किलोमीटर झाले, सगळं बारीक अक्षरात. शेवटच्या पानावर तीन नोंदी होत्या. ‘पाणी कमी. अर्धी बाटली घातली.’ मग चार दिवसांनी, ‘पाणी परत कमी.’ आणि शेवटची, ‘आता रोज घालावं लागतंय. गळती दिसत नाही.’ पुढची पानं कोरी.

गळती दिसत नाही, या तीन शब्दांनी इंजिन वाचवलं. रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय आणि जमिनीवर थेंब नाही, तर ते जातं कुठे? बहुधा इंजिनाच्या आत. म्हणून बॅटरीला हातही न लावता मी गाडीखाली शिरलो आणि ऑइल काढायचा बोल्ट सैल केला. ऑइल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे आत पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. तसंच झालं. आधी तपकिरी, गंजलेलं पाणी आलं, जवळजवळ मगभर. त्यानंतर काळं ऑइल. ऑइलचा पंप चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळातूनच ओढतो. मी सेल्फ मारला असता तर बेअरिंगना सगळ्यात आधी ते पाणी मिळालं असतं.

मग चारही प्लग काढले. तिघांची टोकं काळी, कोरडी. तिसऱ्या सिलेंडरच्या प्लगचं टोक मात्र विटेसारखं लाल. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं, ते तसूभरही हललं नाही. जाम.

इथे बरेच जण घाई करतात. लांब पाइप लावून जोर करतात, नाहीतर गिअरमध्ये टाकून गाडी ओढतात. पिस्टनच्या रिंगा सिलेंडरच्या भिंतीला गंजाने धरलेल्या असतात. जोर केला की रिंग तुटते आणि भिंतीवर कायमचा ओरखडा पडतो. त्यापेक्षा प्रत्येक सिलेंडरमध्ये पातळ, झिरपणारं तेल सोडा आणि थांबा. चार दिवस, आठवडा, लागले तर तीन आठवडे. मला इंजिनाचं हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, त्याखालच्या गॅस्केटसाठी, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ पत्र्यासाठी, तसंही उघडायचंच होतं. ते उचलल्यावर दोष उघड दिसला. तिसरं सिलेंडर आणि पाण्याची वाट यांच्यामधलं गॅस्केट बोटभर जळून गेलं होतं. मी पिस्टनवर तेल सोडलं, रोज सकाळी पान्याला हलका हिसका द्यायचो, आधी पुढे, मग मागे, आणि सोडून द्यायचो.

अकराव्या दिवशी पाना हातात किंचित सरकला. पानाच सटकला असं वाटलं. म्हणून पुलीवर खडूची रेघ ओढली आणि परत हिसका दिला. रेघ केसभर हलली होती. त्या दिवशी मी आणखी काही केलं नाही. नुसता पायरीवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी अर्धा इंच, आणि संध्याकाळी पूर्ण फेरा. तिसऱ्या सिलेंडरच्या भिंतीवर गंजाचा डाग होता, पण नख फिरवलं तर अडकत नव्हतं. नख अडकलं असतं तर बोअर करून, म्हणजे भिंत आतून कापून, घेण्याशिवाय इलाज नव्हता. हेड सपाट करून घेतलं, अडकलेले दोन व्हॉल्व्ह मोकळे केले, नवं गॅस्केट टाकलं आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले.

‘हे इंजिन फेकून दुसरं बसवा,’ असा सल्ला मलाही मिळाला. वेळ वाचला असता, हे खरं. पण ज्या इंजिनाची वही वडिलांनी इतकी वर्षं लिहिली ते भंगारात घालायला माझा हात धजला नसता.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. जुनं पेट्रोल हे पेट्रोल राहिलेलंच नसतं. त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो, उरलेल्याचा डिंक होतो. टाकीचं झाकण उघडलं की जुन्या वार्निशसारखा आंबूस वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं, ते पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, साफ करा, आणि पेट्रोलचे रबरी पाइप कितीही चांगले दिसले तरी बदला. जुनं रबर इथेनॉल सहन करत नाही आणि गरम इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पुरतो. काम करताना आग विझवायचं सिलेंडर हाताशी हवंच.

आता करंट. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने प्लगला ठिणगी देण्याची, बॅटरी, कॉइल (व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) आणि पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) यांवर चालणारी पद्धत १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आणली आणि १९१२ मध्ये त्याच कंपनीच्या गाडीला विजेवर चालणारा सेल्फही आला. पुढची साठेक वर्षं बहुतेक पेट्रोल गाड्या याच पॉइंटवर धावल्या. म्हणून जुन्या गाडीत करंट येत नसेल तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा पॉइंटच्या तोंडावर नुसता मळ धरलेला असतो. बारीक कानस दोनदा फिरवा, कोऱ्या कागदाने पुसा, गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवा. चार सिलेंडरच्या पुष्कळ गाड्यांत तो ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. आणि बॅटरी जोडण्याआधी ती ६ व्होल्टची हवी की १२ ची, आणि बॉडीला प्लस जोडलाय की मायनस, हे नक्की पाहा. कित्येक जुन्या गाड्यांत बॉडीला प्लस असतो. उलटी बॅटरी लागली तर जुना डायनॅमो आणि रेडिओ दोन्ही जाऊ शकतात.

पहिल्यांदा सेल्फ मारला तो प्लग काढूनच. नवं ऑइल सगळीकडे पोहोचून प्रेशरचा काटा उठेपर्यंत. मग प्लग बसवले, ताज्या पेट्रोलची छोटी टाकी वर टांगली, चोक ओढला. तिसऱ्या खेपेला इंजिन चालू झालं. निळा धूर, व्हॉल्व्हची खडखड, आणि मग हळूहळू सरळ होत गेलेला आवाज. हा आवाज मी लहानपणी रात्री अंथरुणातून ऐकायचो, वडील परतल्याची खूण म्हणून.

त्या क्षणी गाडी रस्त्यावर काढायचा मोह झाला. पण ब्रेक व्हायचे होते. पेडल पहिल्या दोन वेळा अगदी घट्ट लागलं होतं. तिसऱ्यांदा ते संथपणे खाली गेलं आणि पायाखालच्या पत्र्याला टेकलं. ब्रेक ऑइल ओल शोषतं आणि ब्रेकचे सिलेंडर आतून गंजतात. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ दिसत असतं. चालू न होणारी गाडी कोणाला दुखावत नाही, पण न थांबणारी गाडी जीव घेते. मास्टर सिलेंडर (पेडलला जोडलेला), चाकांचे सिलेंडर, रबरी पाइप, हे सगळं नवं होईपर्यंत गाडी जॅकच्या स्टँडवरून उतरवू नका. आणि एक फार महत्त्वाचं. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून फुप्फुसाला घातक ठरणारा तंतू, असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेचा पाइप मारू नका. ती ओली करून पुसून घ्या आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी इतक्या वर्षांचं रबर बाद समजा.

ब्रेकला आणखी दोन महिने गेले. मग एका रविवारी सकाळी दहा किलोमीटर जाऊन आलो. इंजिन थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा तपासले.

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर खाली गेलो आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं.