का थांबतं, ते विचारा
(सांगलीत विज्ञान शिक्षकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

सुरुवातीलाच एक कबुली देतो. नववीला जडत्व, म्हणजे वस्तूनं स्वतःहून आपली गती न बदलणं, शिकवताना मी बरीच वर्षं एकच प्रयोग करत आलो. पेला, पेल्यावर पोस्टकार्ड, कार्डावर नाणं. टिचकी मारली की कार्ड उडतं आणि नाणं खण्णकन पेल्यात. पोरं टाळ्या वाजवायची, मी फळ्यावर व्याख्या लिहायचो, तास संपायचा. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर, नाणं सरळ खाली नाही पडत. जरासं पुढं सरकतंय.’ मी म्हणालो, ‘खाली बस, तसं काही नसतं.’

तसंच असतं. तिनं नीट पाहिलं होतं, मी पाहिलं नव्हतं. कार्ड निसटताना नाण्याच्या पोटाला घासतं आणि त्याला पुढं ओढतं. पण ही ओढ निमिषभराची. तेवढ्यात नाणं वेग घेऊन घेऊन किती घेणार? आता तेच कार्ड सावकाश ओढून बघा. नाणं गुपचूप कार्डाबरोबर निघतं. नाणं तेच, कार्ड तेच, घर्षणही साधारण तेवढंच. बदलला तो वेळ. वेग बदलायला बळ लागतं, तसं ते बळ काही काळ लागू राहावं लागतं. त्या मुलीचं बोट धरून मी थेट न्यूटनच्या दुसऱ्या नियमाच्या दारात गेलो असतो. गेलो नाही.

दुसरी अडचण आपल्या बोलण्यातच आहे. सातारा-सांगली एस.टी.त उभ्यानं प्रवास केलेल्या कुठल्याही पोराला विचारा. कंडक्टरनं डबल बेल दिली, गाडी सुटली, काय झालं? ‘सर, मागं फेकलो गेलो.’ कुणी फेकलं? मागून तर कुणीच ओढलेलं नसतं. गाडी पुढं गेली, तळव्यांना तिनं घर्षणानं बरोबर नेलं आणि वरचं धड होतं तिथंच राहायला बघत होतं. आत बसून हे कळत नाही, म्हणून मी पोरांना स्टँडवर उभं राहून सुटणारी गाडी खिडक्यांतून बघायला सांगतो. माणसं मागं जात नाहीत, गाडी त्यांच्याखालून पुढं सरकते. ब्रेक लागल्यावर उलटं. अडवलेली असते गाडी, आपण आपल्या आधीच्याच वेगानं चाललेलो असतो. थांबायच्या आत उतरणारे जुने लोक गाडीच्या दिशेनं चार पावलं पळायचे, ते उगीच नाही. (हे वर्गात सांगताना ‘तुम्ही करू नका’ हेही सांगावं लागतं.)

शब्दाचंही थोडं बोलू. जडत्व म्हटलं की पोरांना जडपणा आठवतो, वजन आठवतं. वस्तुमान जास्त तसं जडत्व जास्त हे खरंच आहे, त्यामुळं गोंधळ अर्धा खरा असतो आणि म्हणूनच चिवट. मी ‘जड आणि चेतन’ मधला जड सांगतो. स्वतःहून काही न करणारा. उभा असेल तर स्वतःहून निघणार नाही आणि, हे महत्त्वाचं, चालला असेल तर स्वतःहून थांबणार नाही. गंमत म्हणजे ‘इनर्शिया’ हा आळसाचा लॅटिन शब्द भौतिकशास्त्रात आणला खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं, आणि त्यालाही हा दुसरा अर्धा भाग मान्य नव्हता. ढकलणारं बळ संपलं की वस्तू थांबणारच, असं तो धरून चालला होता. केप्लर चुकला तिथं आपला नववीतला पोरगा चुकला तर छडी कशाला शोधायची?

पोरगा तरी काय करणार? तो जन्मापासून घर्षणातच वाढलाय. पेडल मारायचं थांबवलं की सायकल थांबते. म्हणून ‘वस्तू कशामुळं चालते’ हा प्रश्न सोडून ‘थांबते कशामुळं’ इथून सुरुवात करा. कॅरम बोर्ड घ्या. बिनपावडरचा स्ट्रायकर मारा, मग बोरिक पावडर टाकून तेवढ्याच जोरानं मारा. कुठं थांबतो ते बघा. मग विचारा, आणखी गुळगुळीत केला तर? कडाच नसतील तर? गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडून हाच प्रश्न लांबवत नेला, १६३८ साली पुस्तकात मांडला. अडवणारं काही नसेल तर चालती वस्तू थांबतच नाही, या उत्तराला न्यूटननं १६८७ मध्ये गतीच्या पहिल्या नियमाची जागा दिली. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ हे अवकाशयान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं चाललंय, आणि तो वेग टिकवायला कुठलंही इंजिन चालू नाही.

इथं एक हुशार पोरगं हमखास म्हणतं, ‘म्हणजे जडत्व आणि घर्षण एकच ना?’ त्याला कृष्णेच्या घाटावर न्या. पाण्यात तरंगणाऱ्या होडीला जमिनीवरच्यासारखं घर्षण नाही. तरी एका हातानं ढकललीत तर आधी वाटतं हलतच नाही. हात तसाच लावून ठेवा, हळूहळू सुटते. ती अडवून धरणारं जवळजवळ काही नसतं. जो उशीर होतो तो जडत्वाचा. आणि परत येणारी भरलेली होडी? नावाडी काठ यायच्या कितीतरी आधी वल्ही उचलतो. घाईनं काठाच्या दगडावर हात टेकून ती थांबवायला जाणाऱ्याची बोटं चेंगरतात. चाकाला वंगण घालून घर्षण कमी करता येतं, जडत्व नाही.

पेला आणि नाणं मी आणलंय. पोस्टकार्ड घरात सापडलं नाही, लग्नपत्रिका आहे. चहाच्या आधी पुढं या आणि नाणं किती सरकतं ते तुमच्याच डोळ्यांनी मोजा.